सात पेवे आणि एक खिंड

फार जुनी हकिकत आहे. इतकी जुनी, की त्या राज्याचे नाव आता कोणत्याही शिलालेखावर सापडत नाही आणि तिथल्या राजांची वंशावळ भाटांनाही आठवत नाही. त्या राज्याच्या टोकाला, एका उंच पठारावर, एक नगर होते. लहानांनी ही गोष्ट म्हणून ऐकावी. थोरांनी ऐकताना आपण कोणत्या आसनावर बसलो आहोत, तेही एकदा पाहून घ्यावे.

पठाराची भूमी खडकाळ होती. तिथे तांबे निघे, मेंढ्या चरत, धान्य मात्र पिकत नसे. नगरातील सातशे घरे भांडी घडवीत, घोंगड्या विणीत, आणि पोटासाठी खालच्या सपाट प्रदेशाकडे पाहत. खाली जायला वाट एकच होती: दोन कड्यांच्या मधली एक अरुंद खिंड, बैलांची जोडी जेमतेम मावेल एवढी. धान्य त्या खिंडीतून वर येई. भांडी आणि घोंगड्या तिथूनच खाली जात.

म्हणून पूर्वजांनी नगराच्या मध्यभागी सात पेवे खोदून ठेवली होती. पेव म्हणजे भूमीच्या पोटातले धान्याचे कोठार. वर एक माणूस उतरेल एवढे तोंड, आणि खाली घराएवढी पोकळी. प्रत्येक घराने वर्षभरात विकत घेतलेल्या धान्याचा सोळावा भाग या पेवांत घालावा, असा नियम होता आणि तो सारे पाळीत. एक पेव भरले, की साऱ्या नगराला दोन महिने पुरे.

सातांपैकी तीन पेवे व्यवहाराची आणि चार राखणीची. व्यवहाराच्या तीन पेवांतले धान्य पाच जणांची कोठीसभा बारा तांड्यांना उसने देई. तांडे ते दूरच्या मिठागरांकडे नेत, तिथे त्याला चांगले मोल येई, आणि पुढच्या उन्हाळ्यात ते सव्वापट धान्य परत आणून घालीत. वाढलेल्या धान्यातून नगराचे रस्ते, विहिरी आणि धर्मशाळा चालत. सभेच्या पाच सभासदांनाही त्यातला विसावा भाग मिळे. त्याला मानाचे धान्य म्हणत. राखणीची चार पेवे मात्र कुणाला द्यायची नाहीत. चारच का, तीन किंवा पाच का नाहीत, हे कोणालाच सांगता येत नसे. पूर्वजांनी ठरवले होते, एवढेच.

पेवांची राखण एका घराण्याकडे पिढ्यान्‌पिढ्या होती. या गोष्टीच्या काळी ते काम पन्नाशी ओलांडलेली एक स्त्री करीत असे. तिला सारे कोठावळीणबाई म्हणत. दर ज्येष्ठात, नवे धान्य भरण्यापूर्वी, ती एकेक पेव उघडी. प्रथम दोरीला बांधलेली पेटती पणती आत सोडी, कारण कोंडलेल्या धान्याच्या उबेने आतली हवा मारक होते आणि जिथे पणती विझते तिथे माणूसही विझतो. पणती तग धरून राहिली, की ती स्वतः उतरे. जुने धान्य जिथवर उरले असेल तिथे भिंतीवर लोखंडी खिळ्याने एक रेघ ओढी. मग जुने काढून नवे भरले जाई, झाकणाभोवती ओली माती लिंपली जाई, आणि त्या मातीवर ती आपली तांब्याची मुद्रा उठवी. ती मुद्रा म्हणजे नगराला दिलेला शब्द होता: आत इतके आहे, मी डोळ्यांनी पाहिले आहे. मुद्रेवाचून सभेलाही पेव उघडता येत नसे.

असे बरेच चालले होते. पण चांगली वर्षे एकामागून एक आली, की माणसाला राखून ठेवलेल्या वस्तूची चीड येऊ लागते.

एका वर्षी कोठीसभेचे प्रमुख असलेल्या नगरशेठांनी सभेत म्हटले, की चार पेवे निजून राहिली आहेत. निजलेले धान्य वाढत नाही. निदान एकाला तरी जागे करू. त्यांनी कोठावळीणबाईंना घरी बोलावून गूळपाणी दिले आणि सांगितले, की फक्त एकच पेव, तेही नगराच्या नव्या तलावासाठी. बाईंना ते पटले नव्हते. परंतु तलाव खरोखरच हवा होता, शेठजी गोड बोलत होते, आणि सदा नकाराचा सूर लावणारी बाई म्हणून ओळखले जाण्याचा त्यांनाही कंटाळा आला होता. त्यांनी चौथ्या पेवावर मुद्रा उठवून ते व्यवहारात सोडले. पुढच्या उन्हाळ्यात त्यांच्या घरी मानाच्या धान्यातल्या दोन पायल्या आल्या. त्यांनी त्या परत केल्या नाहीत. हे सांगितलेच पाहिजे, कारण पुढे त्यांनीही ते लपवले नाही.

एकाची चव लागली, की सहाची भूक लागते. दुसऱ्या वर्षी नगरशेठांनी राजधानीहून एका नामांकित गणकशास्त्र्याला पाचारण केले. शास्त्रीबुवा प्रामाणिक होते, विद्वान होते, आणि त्यांच्या बेरजेत कधी एकाचीही चूक होत नसे. त्यांनी महिनाभर सभेची वर्षवही वाचली. त्या नगरात वर्षांना आकडे नसत. प्रत्येक वर्षाला त्या वर्षातल्या ठळक गोष्टीवरून नाव दिले जाई आणि वहीत त्या नावाचे एक पान लिहिले जाई. नव्या घंटेचे वर्ष, जुळ्या वासरांचे वर्ष, विहिरीला गोड पाणी लागल्याचे वर्ष, अशी एकसष्ट पाने होती. किती तांडे गेले, किती परतले, हे प्रत्येक पानावर नोंदलेले होते.

सभा भरली. शास्त्रीबुवांनी निष्कर्ष सांगितला. एकसष्ट वर्षांत बारांपैकी दोनांहून अधिक तांडे कधीच बुडाले नाहीत. कुणाला चोरांनी लुटले, कुणाची जनावरे रोगाने दगावली, एवढेच. सहा पेवांचे धान्य चोवीस तांड्यांना दिले, तर वाईटात वाईट वर्षी चार तांडे बुडतील. चार तांड्यांचे धान्य म्हणजे एक पेव. तेव्हा एक पेव राखावे आणि सहा वापरावीत. यापेक्षा अधिक राखणे ही सावधगिरी नसून भीती आहे, असेही त्यांनी जोडले.

सभासदांनी माना डोलावल्या. आकडा कानाला इतका गोड लागला, की तो कुठून आला हे कुणी विचारले नाही.

विचारले ते कोठावळीणबाईंनी. त्या दाराशी उभ्या होत्या. सभेत त्यांना आसन नव्हते.

"शास्त्रीबुवा, चोर एका तांड्याला लुटतो, रोग एका तांड्याची जनावरे मारतो, हे खरे. पण हे चोवीस तांडे चोवीस वाटांनी जातात का?"

शास्त्रीबुवांनी वही मिटली. "बाई, मला तांडे मोजायला सांगितले होते," ते म्हणाले. "वाटा मोजायला कुणी सांगितले नव्हते."

सभा हसली. नगरशेठ हसले, आणि त्यांनी बाईंना सांगितले, की खिंड ही काही बैल नव्हे, तिला रोग होत नाही. विषय तिथेच संपला. पाचव्या आणि सहाव्या पेवावर मुद्रा उठवायला त्यांना आठ दिवसांची मुदत मिळाली.

त्या आठ दिवसांत बाई सातव्या पेवात उतरल्या. ते सर्वांत जुने. इतर पेवांचा गिलावा वेळोवेळी नवा झाला होता. याचा मूळचाच होता. जुने धान्य नुकतेच काढले होते, पेव रिकामे होते. गळ्याजवळ पूर्वजांनी ओढलेल्या वर्षावर्षांच्या रेघा शेजारी शेजारी उभ्या होत्या. त्यांनी बोट फिरवीत त्या मोजल्या. एकसष्ट. वहीतल्या पानांइतक्याच.

मग त्या तळाशी गेल्या आणि पणती भिंतीजवळ धरली. तिथे, जमिनीपासून वीतभर उंचीवर, आणखी चार रेघा होत्या. या रेघा त्यांनी लहानपणीही पाहिल्या होत्या. वडिलांना विचारले होते, आणि वडिलांनी काहीही न सांगता त्यांना वर जायला सांगितले होते. आता त्यांना विचारण्याची आवश्यकता नव्हती. चार वर्षी हे पेव तळापर्यंत खाल्ले गेले होते. चार वर्षी राखणीचे धान्य माणसांच्या पोटात गेले होते. आणि या चार वर्षांची पाने वहीत नव्हती.

बाई तशाच, धुळीने माखलेल्या, सभेच्या म्हाताऱ्या लेखकाकडे गेल्या. लेखकाने दार लावून घेतले आणि हळू आवाजात कबूल केले. त्या नगराची एक जुनी समजूत होती, की अशुभ वर्षाला नाव देऊ नये आणि त्याचे पान लिहू नये. नाव लिहिले, की ते वर्ष आपले घर ओळखते आणि परत येते. खिंड चार वेळा बंद झाली होती. कधी पाच महिने, कधी सात. चारही वर्षे निनावी राहिली. ज्यांना आठवत होते ते बोलत नसत; जे बोलत असत त्यांना आठवत नसे.

"मग शास्त्रीबुवांनी वाचली ती वही कसली?" बाईंनी विचारले.

"आमच्या चांगल्या दिवसांची," लेखक म्हणाला.

वाचकहो, क्षणभर थांबा आणि या वहीचा विचार करा. एका नगराने आपली सगळी दुःखे वगळून आपला इतिहास लिहिला, आणि मग त्याच इतिहासाला विचारले, की आम्हांला दुःख होण्याचा संभव किती? इतिहासाने उत्तर दिले, जवळजवळ नाही. यात वहीने खोटे काय सांगितले? तिला जे दिले होते, तेच तिने परत दिले.

बाईंनी हे सारे सभेपुढे मांडले. शास्त्रीबुवांचा चेहरा उतरला. ते म्हणाले, की ही चार वर्षे खरी असतील, तर गणित पुन्हा मांडावे लागेल. नगरशेठांनी त्यांच्याकडे पाहिले, मग लेखकाकडे पाहिले. लेखकाने मान खाली घातली. नगरशेठ म्हणाले, की शुभ कार्याच्या सभेत अशुभाचा उच्चार झाला हेच आधी अनुचित झाले. भिंतीवरचे ओरखडे हा पुरावा नव्हे. आणि शास्त्रीबुवांचे काम तर पूर्ण झालेलेच आहे. शास्त्रीबुवांना शाल, श्रीफळ आणि ठरलेले मानधन देण्यात आले. त्यांनी ते घेतले. त्यांना सत्य उमगले होते, जीभही शाबूत होती; परंतु दुसऱ्या दिवशी ते खिंडीतून खाली उतरले आणि आयुष्यात पुन्हा वर आले नाहीत. अज्ञानाला क्षमा असते. जाणून गप्प बसणाऱ्या विद्येला ती कोणत्या तोंडाने मागता येते?

बाईंनी मुद्रा उठवण्यास नकार दिला.

"बाई," नगरशेठ शांतपणे म्हणाले, "मुद्रा सभेची आहे. हात तेवढा तुमचा. हात दुसरा मिळतो."

हात मिळाला. नगरशेठांचा भाचा कोठावळा झाला. तो मनाने वाईट नव्हता, पण त्याला पेवाच्या अंधाराची भीती वाटे. पणती सोडी तीही लांबून. स्वतः कधी उतरत नसे. वरूनच वाकून पाही, "भरलेले दिसते," असे म्हणे आणि मुद्रा उठवी. तिच्यातला शब्द गेला होता, ठसा मात्र पूर्वीसारखाच उमटे. सहा पेवांचे धान्य चोवीस तांड्यांबरोबर खिंडीतून खाली गेले.

आणि पुढच्या उन्हाळ्यात ते सव्वापट होऊन परत आले.

त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातही आले. नगरात नवी धर्मशाळा उठली, तलावाला दगडी पायऱ्या झाल्या. सभासदांचे मानाचे धान्य दुप्पट झाले. वर ठेवायला जागा नाही म्हणून त्यांनी ते खाली सपाट प्रदेशात पाठवले, तिथे त्यासाठी वाडे बांधले, आणि थंडीचे महिने तिथेच काढू लागले. वरची हवा मानवत नाही, असे ते सांगत.

कोठावळीणबाई आता घोंगड्या विणून पोट भरीत. त्यांच्या गल्लीत एक तांबट राहत असे. त्याच्या जिभेला हातोडीसारखीच सवय होती. तो रोज सकाळी त्यांच्या दारावरून जाताना विचारी, "काय कोठावळीणबाई, आज खिंड पाहिलीत का? जागेवर आहे ना, की रात्रीतून कोणी उचलून नेली?" शेजारपाजारचे हसत. बाई हातमागावरून डोळे वर करीत नसत. पण खरे सांगायचे, तर त्या दोन वर्षांत त्यांच्याही मनाला कीड लागली होती. आपणच चुकलो असू, भिंतीवरचे ओरखडे खरेच ओरखडे असतील, असे त्यांना वाटू लागले होते. बरोबर असणे आणि बरोबर ठरणे यांच्या मधली वाट फार एकाकी असते.

तिसऱ्या वर्षी पाऊस लांबला. आश्विन सरला तरी कडे पाझरतच होते. कार्तिकात आकाश निवळले, तांडे निघाले, सभासदही आपापल्या कुटुंबांसह खाली उतरले. त्यानंतर नवव्या दिवशी, एका स्वच्छ सकाळी, ढग नसताना, वारा नसताना, खिंडीचा डावा कडा खाली आला. आवाज नगरात सर्वांनी ऐकला. धूळ बसली तेव्हा खिंडीच्या जागी एक टेकडी उभी होती.

चोवीस तांडे पलीकडे होते. सहा पेवांचे धान्य पलीकडे होते. सभा पलीकडे होती. अलीकडे सातशे घरे होती, घरोघरीच्या कणग्यांत पंधरवड्याचे धान्य होते, आणि एक पेव होते.

भाचा त्या दिवशी कोठावळीणबाईंच्या अंगणात येऊन उभा राहिला. त्याने मुद्रा त्यांच्यापुढे ठेवली.  बाईंनी त्याला पाणी दिले आणि विचारले, की सातवे पेव किती भरले आहे. त्याने सांगितले, की वरून तरी भरलेले दिसते. बाई उठल्या, पणती घेतली आणि स्वतः उतरल्या. पेव गळ्यापासून पुरुषभर रिते होते. खाली धान्य बसले होते आणि ते कुणीही मोजले नव्हते.

त्या दिवसापासून बाईंनी वाटप हाती घेतले. दोन महिन्यांना पुरणारे, तेही अपुरे, धान्य त्यांनी चार महिने पुरवले. माणशी दिवसाला एक चिपटे, म्हणजे पाव शेर. श्रीमंताला तेवढेच, भिकाऱ्याला तेवढेच, स्वतःलाही तेवढेच. मेंढ्या संपल्या. मग कंदमुळे संपली. मग लोक बैलांच्या खोगिरांचे जुने चामडे भिजवून शिजवू लागले. तरुण रोज दगड फोडायला खिंडीकडे जात, आणि रोज त्यांतले काही कमी परतत. मेलेले नसत, चालवत नसे म्हणून तिथेच पडून राहत.

तो तांबटही रांगेत येई. घरात पाच माणसे होती. तो पाच चिपटी घेऊन जाई. पहिल्या महिन्यानंतर तो बोलेनासा झाला होता. फाल्गुनातल्या एका सकाळी बाईंनी चार चिपटी ओतली आणि पाचवे भरू लागल्या, तेव्हा त्याने आपल्या भांड्यावर हात आडवा धरला.

"आज चारच," तो म्हणाला.

बाईंचे माप हवेत तसेच थांबले. त्या दोघांनी एकमेकांकडे पाहिले. मागे रांग होती. त्याने भांडे उचलले आणि तो गेला.

ज्येष्ठाच्या अखेरीस वाट मोकळी झाली. कडा कोसळल्यापासून पुरते सात महिने लोटले होते. तेव्हा कुठे नगराला उमगले, की राखणीची पेवे चारच का होती. चार पेवांचे आठ महिने होतात. पूर्वजांनी सर्वांत लांब बंदी मोजली होती आणि तिच्यावर एक महिना ठेवला होता. त्यांना गणित येत नव्हते, असे ज्यांना वाटे, त्यांना त्यांचे गणित समजायला एकशे सतरा प्रेते मोजावी लागली.

आणि आता या गोष्टीतला तो भाग येतो, जो सांगताना माझाही आवाज वर चढतो. चोवीस तांडे वर आले. चोवीसच्या चोवीस. एकही बुडाला नव्हता. मिठागरांकडचा व्यवहार उरकून ते कधीचे खिंडीच्या पायथ्याशी, धान्याच्या राशींवर, वाट पाहत बसून होते. त्यांनी सव्वापट धान्य इमानाने आणून नगराच्या चौकात ओतले. त्यांच्या मागोमाग, वाड्यांतून, नगरशेठ आणि चार सभासद आले. त्यांची अंगे भरलेली होती.

चौकात सारे नगर जमले होते. जे चालू शकत होते ते उभे, बाकीचे बसलेले. नगरशेठांनी शोक व्यक्त केला. दैवापुढे कुणाचे चालत नाही, असे म्हटले. मग त्यांनी लेखकाकडून पान मागवले आणि वाचून दाखवले. त्यांचा स्वर बोलता बोलता स्थिर झाला, कारण आकड्यांवर त्यांचा विश्वास होता.

"दिलेले धान्य सहा पेवे. परत आलेले साडेसात. एक दाणाही बुडाला नाही. शास्त्रीबुवांचे गणित चुकले, असे कुणाला म्हणता येणार नाही. सभेकडून कोणताही दोष घडलेला नाही."

शेवटी ते म्हणाले, की हे वर्ष अशुभ होते, म्हणून रिवाजाप्रमाणे त्याचे पान वहीत ठेवू नये.

चौकात कुणी ओरडले नाही. ओरडायला अंगात बळ नव्हते. कोठावळीणबाई पुढे आल्या. आपल्या बाजूने बोलण्याआधी त्यांनी आपल्या विरुद्ध सांगितले: चौथ्या पेवावर मुद्रा त्यांची होती, दोन पायल्या त्यांच्या घरी आल्या होत्या, पहिली वाट त्यांनीच मोकळी करून दिली होती, नगर त्यांना जी शिक्षा देईल ती मान्य आहे. मग त्या धान्याच्या राशीकडे वळल्या.

"शेठजी, धान्य सगळे परत आले," त्या म्हणाल्या. "ज्यांच्यासाठी ते राखायचे होते, ती माणसे आली नाहीत. तुम्ही धान्य परत येईल की नाही, हे मोजलेत. भुकेच्या दिवशी ते कुठे असेल, हे मोजलेच नाहीत."

नगरशेठ पुन्हा पानावरचे आकडे शोधू लागले. 

तेव्हा तांडानायकांपैकी सर्वांत वडीलधारा पुढे आला. त्याने आपल्या माणसांना हात केला, आणि चोवीसही तांड्यांनी आपले बैल सोडले. या सभेच्या हातून आपण पुन्हा धान्य उचलणार नाही, असे त्याने सांगितले. तांबट आला, त्याने सभेच्या आसनांपुढे आपले रिकामे भांडे ठेवले आणि तो मागे सरला. मग दुसऱ्या घराचे भांडे आले, मग तिसऱ्या. आसनापर्यंत पोचायला वाट उरली नाही, तेव्हा नगरशेठ खाली उतरले.

त्या दिवशी नगराने निर्णय केले. पाचही सभासदांना सभेतून काढले. खालच्या वाड्यांतले मानाचे धान्य, दाणा न दाणा, वर आणवले आणि ज्या घरांतून माणसे गेली होती त्या घरांना दिले. मानाचे धान्य ही प्रथाच बंद झाली. यापुढे जो कोठीसभेत बसेल, त्याने कार्तिक ते ज्येष्ठ आपल्या कुटुंबासह खिंडीच्या अलीकडे राहावे, आणि राखणीचे पेव उघडण्याची वेळ आली, तर त्याचे माप सर्वांच्या शेवटी भरावे, असे ठरले. त्या वर्षाचे पान लिहिले गेले आणि आधीच्या चारांसह पाचही निनावी वर्षांना वहीत जागा मिळाली. कोठावळीणबाईंना शिक्षा झाली ती अशी, की त्यांनी मुद्रा पुन्हा घ्यावी. त्यांना ती नको होती. त्यांनी घेतली.

नगरशेठ त्यानंतर त्याच नगरात राहिले. त्यांना खाली जाऊ दिले नाही. दर हिवाळ्यात त्यांची नजर खिंडीकडे असे. अशी नजर त्या नगरात आधीपासूनच पुष्कळांना होती. नगरशेठांना तेवढी ती उशिरा लाभली.

बोध इतकाच: जोखीम मोजणाऱ्याने आधी हे विचारावे, की आपले माप चुकले तर उपाशी कोण राहील. ज्याला हा प्रश्न नको असतो, तो मोजत नसतो, लपवत असतो.